चाळीस मतांचा धडा

मंडळी, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरच्या श्रोत्यांना फाळणी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. त्याच फाळणीचा दुसरा धागा संयुक्त राष्ट्रांपर्यंत जातो.

१९४७ च्या अखेरीस भारत सुरक्षा परिषदेच्या अस्थायी जागेसाठी उभा होता. समोर युक्रेन. दोन-तृतीयांश मतं कोणालाच मिळेनात. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या, शेवटी आपण माघार घेतली. आणि काही आठवड्यांतच, १ जानेवारी १९४८ रोजी, काश्मीरची तक्रार घेऊन त्याच परिषदेच्या दारात गेलो! आता, वादातल्या पक्षकाराला सनदेप्रमाणे मत देता येत नाही, हे खरं. पण मसुदे शिजतात तिथे सदस्य म्हणून बसणं वेगळं आणि बोलावल्यावर जाऊन बाजू मांडणं वेगळं.

पुढे १९५० पासून आपण अनेकदा निवडून आलो. मग आलं १९९६. आशियाच्या जागेसाठी जपानला १४२ मतं, आपल्याला ४०. त्याआधी महिनाभर अणुचाचणीबंदी कराराला आमसभेत आपण विरोध केला, तेव्हा सोबत होते फक्त भूतान आणि लिबिया. करार भेदभाव करणारा आहे, हा आपला युक्तिवाद मला आजही पटतो. पण जपान मोठा मदतदार देश, आणि मतदान गुप्त. तोंडावर 'हो' म्हणणारा चिठ्ठीवर काय लिहील, कोण सांगणार?

यातून आपण शिकलो. लढत मतपेटीआधीच संपवायची. कझाकस्तानने वाट मोकळी केली आणि २०१० मध्ये १८७ मतं मिळाली. पुढच्या खेपेला अफगाणिस्तान बाजूला झाला, २०२० मध्ये १९२ पैकी १८४.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो: दावा न्याय्य असणं आणि दावा मान्य होणं. कायम सदस्यत्वासाठी आपण लोकसंख्या सांगतो, शांतिसेनेतलं योगदान सांगतो. सगळं रास्तच आहे. पण सनद बदलायला दोन-तृतीयांश देशांची मान्यता लागते आणि त्यात पाचही कायम सदस्य हवेत. एकाने अडवलं की संपलं.

म्हणून युक्तिवाद सोडायचा नाही, पण नुसत्या युक्तिवादावर विसंबायचंही नाही. आपलं म्हणणं बरोबर आहे, एवढ्यावर जग मत देत नाही.