गाळलेल्या जागा

टेनिसपटूची कारकीर्द लिहायची एक ठरलेली रीत आहे. वर्ष, स्पर्धा, फेरी, समोर कोण होतं आणि स्कोअर. एकाखाली एक नुसत्या ओळी. वाण्याच्या वहीसारखं सगळं सरळ. मला अशी कोष्टकं वाचायचा नाद आहे, आणि घरच्यांनी तो आता मान्यही केलाय. पण क्रोएशियाच्या मिरयाना लुचिचचं कोष्टक वाचताना माणूस अडतो. एकेरीची डब्ल्यूटीए विजेतेपदं एकूण तीन. पहिलं १९९७ मधलं. दुसरं मे १९९८ मधलं. तिसरं सप्टेंबर २०१४ मधलं.

मधे सोळा वर्षं आणि चार महिने! डब्ल्यूटीएच्या इतिहासात दोन विजेतेपदांमध्ये एवढं अंतर कोणाच्याच नावावर नाही. शाळेत पेपरात 'गाळलेल्या जागा भरा' असायचं, त्यातलीच ही एक. फरक एवढाच, की इथे उत्तर एका शब्दाचं नाही.

सुरुवातीपासून सांगते. मिरयानाचा जन्म ९ मार्च १९८२ चा, जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा. खेळली मात्र क्रोएशियासाठी. युगोस्लाव्हिया फुटून १९९१ मध्ये क्रोएशिया वेगळा झाला, १९९५ पर्यंत युद्ध चाललं. अर्धा कोटीसुद्धा वस्ती नसलेला, नुकताच युद्धातून बाहेर आलेला देश. त्याला जगात आपलं नाव ऐकू यावं अशी घाई असणारच, आणि ते नाव ऐकू आलं ते मुख्यतः मैदानांवरून. जून १९९७ मध्ये इव्हा मायोलीने फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात मार्टिना हिंगिसला हरवलं. हिंगिस त्या वर्षी ग्रँड स्लॅममध्ये हरली ती तेवढीच एकदा. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकात ह्या नव्या देशाने पहिल्याच खेपेला तिसरा क्रमांक मिळवला. गोरान इव्हानिसेविच तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. अशा वातावरणात चौदा वर्षांची एक मुलगी १९९६ ची यूएस ओपन ज्युनियर स्पर्धा जिंकते आणि चार-पाच महिन्यांत ऑस्ट्रेलियन ओपनची ज्युनियर स्पर्धाही जिंकते, तर तिच्यावर किती डोळे लागले असतील?

मोठ्यांच्या स्पर्धांत उतरायला तिला पंधरा वर्षं पूर्ण होईपर्यंत थांबावं लागलं. जेनिफर कॅप्रियाती तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि सतरा-अठराव्या वर्षी मोडून पडली. ते पाहून डब्ल्यूटीएने १९९५ पासून वयाचा नियम कडक केला होता. नियम चांगलाच आहे. पण तो मुलीने वर्षाला किती स्पर्धा खेळायच्या एवढंच मोजतो. घरी काय चाललंय हे त्याला दिसत नाही.

ब्राच नावाच्या बेटावर बोल नावाचं गाव आहे. (गावाचं नाव खरंच बोल! आपल्याला उगीच गंमत वाटते.) समुद्रकाठी मातीची कोर्टं. १९९७ साली तिथे मिरयाना आपली पहिलीवहिली डब्ल्यूटीए स्पर्धा खेळली आणि जिंकलीसुद्धा. अंतिम सामन्यात कोरिना मोरारिउविरुद्ध ७-५, ६-७, ७-६. दुसरी स्पर्धा स्ट्रासबर्गची. तिथेही थेट अंतिम फेरी, आणि समोर स्टेफी ग्राफ. हरली, पण दुसऱ्या सेटमध्ये स्टेफीला ७-५ पर्यंत ओढलं. पहिल्या दोन स्पर्धांत दोन अंतिम सामने. असं पदार्पण शोधून सापडायचं नाही.

जानेवारी १९९८. मेलबर्नला हिंगिसबरोबर दुहेरी. लिंडसे डेव्हनपोर्ट आणि नताशा झ्वेरेवाला तीन सेटमध्ये हरवून विजेतेपद, वय पंधरा वर्षं दहा महिने. हिंगिसने त्या वर्षी दुहेरीची चारही ग्रँड स्लॅम जिंकली. उरलेली तीन याना नोव्होत्नाबरोबर, त्यामुळे लोकांना आज तीच जोडी आठवते. पहिल्या पायरीवर मिरयाना होती, हे सांगावं लागतं. मे महिन्यात बोलचं विजेतेपद तिने राखलं, पुन्हा मोरारिउलाच हरवून. क्रमवारीत बत्तिसावी.

आता आपला संबंध येतो तो भाग. १९९८ च्या विम्बल्डनमध्ये मिश्र दुहेरीची अंतिम फेरी गाठणारी एक जोडी होती महेश भूपती आणि मिरयाना लुचिच. आदल्या वर्षी भूपतीने रिका हिराकीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी जिंकली होती आणि ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय म्हणून त्याचं कौतुक अजून ताजं होतं. त्यामुळे पेपरात त्याच्या नावाशेजारी येणारं नाव आपणही वाचायचो. ते दोघं ६-४, ६-४ असे हरले. जाळ्यापलीकडे होते मॅक्स मिर्नी आणि सोळा वर्षांची सेरेना विल्यम्स. सेरेनाच्या आयुष्यातलं ते पहिलं ग्रँड स्लॅम विजेतेपद. कोर्टावर त्या दिवशी दोन सोळा वर्षांच्या मुली होत्या, आणि ग्रँड स्लॅमचं विजेतेपद आधीपासून नावावर असलेली त्यातली मिरयाना होती.

त्याच उन्हाळ्यात मिरयाना, तिची आई आणि भावंडं देश सोडून अमेरिकेला निघून गेली. वडील आपल्याला वर्षानुवर्षं मारत होते, असं तिने नंतर जाहीरपणे सांगितलं. वडिलांनी हे आरोप नाकारले. ह्या पळून जाण्यात त्या कुटुंबाला इव्हानिसेविचची मदत झाली. तो स्वतः त्या वर्षी विम्बल्डनचा अंतिम सामना सॅम्प्रासशी पाच सेटमध्ये हरला होता. त्याच्याबद्दल लोक २००१ चं वाईल्ड कार्ड सांगतात, रॅकेट मोडल्याचे किस्से सांगतात. हे कोणी फारसं सांगत नाही.

कोष्टकात ह्यातलं काही नाही. कोष्टकाला एवढंच दिसतं, की मे १९९८ नंतर विजेतेपदांचा रकाना कोरा आहे.

पण मग १९९९ चं विम्बल्डन येतं. तेव्हा ती क्रमवारीत शंभराच्या बाहेर फेकली गेली होती. तिसऱ्या फेरीत तिने मोनिका सेलेसला हरवलं, दोन्ही सेट टायब्रेकमध्ये. उपांत्यपूर्व फेरीत आदल्या वर्षीची उपविजेती नाताली तोझिया. उपांत्य फेरीत पुन्हा स्टेफी, आणि स्टेफीविरुद्ध पहिला सेट मिरयानाचा! नंतरचे दोन स्टेफीने ६-४, ६-३ असे घेतले. स्टेफीचं ते शेवटचं विम्बल्डन. आपण भारतात त्या पंधरवड्यात पेस-भूपतीच्या दुहेरीत गुंतलो होतो, साहजिकच होतं, ते दोघं जिंकलेही.

त्याच स्पर्धेत पहिल्याच फेरीत अव्वल मानांकित हिंगिसला ६-२, ६-० असं घरी पाठवणारी सोळा वर्षांची येलेना दोकिच होती. जन्म ओसियेकचा, म्हणजे क्रोएशियातलाच. युद्धामुळे ते शहर सोडून, पुढे ऑस्ट्रेलियात गेलेलं कुटुंब. दोकिचच्या घरी काय चालत होतं ते तिने २०१७ मध्ये आपल्या पुस्तकात लिहिलं. म्हणजे १९९९ च्या त्या हिरवळीवर दोन कोवळ्या मुली एकाच वेळी जगाला चकित करत होत्या आणि दोघींच्या डोक्यावर जवळपास एकच ओझं होतं. समालोचक त्यांच्या फोरहँडचं कौतुक करत होते. ह्या गोष्टींचा कोणाला संशयच नव्हता असंही नाही. मेरी पिअर्सच्या वडिलांना १९९३ मध्येच स्पर्धांच्या आवारात बंदी केली होती. पण बाप आरडाओरडा करून तमाशा करतो तेव्हा बंदी घालता येते. जो तमाशा करत नाही, त्याचं काय करायचं हे कोणाला ठाऊक नव्हतं.

यानंतरची वर्षं भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आणि सोसण्यासारखं जास्त आहे. २००० ते २००३ ती खेळत होती आणि हरत होती. 'बापापासून सुटली आणि उडाली' अशी सरळ गोष्ट इथे नाही, हेही म्हटलं पाहिजे. २००४ ते २००६ जवळजवळ कोरी. खेळायची इच्छा मेली नव्हती, पैसे नव्हते, असं तिने पुढे सांगितलं.

हे पैशाचं गणित टेनिस नुसतं टीव्हीवर बघणाऱ्याला कळत नाही. क्रमवारी गेल्या बावन्न आठवड्यांच्या गुणांवर ठरते. वर्षभर खेळला नाहीत की पाटी कोरी, मग तुम्ही एकेकाळी बत्तिसाव्या असा नाहीतर दुसऱ्या. गुण नाहीत म्हणून मोठ्या स्पर्धेत प्रवेश नाही. म्हणून गावोगावच्या लहान आयटीएफ स्पर्धा, जिथे तेव्हा अख्ख्या स्पर्धेचं बक्षीस दहा किंवा पंचवीस हजार डॉलर असायचं, आणि ते बत्तीस जणींत वाटायचं. विमान, हॉटेल, प्रशिक्षक, रॅकेटच्या तारा, सगळं आपल्या खिशातून. पहिल्याच फेरीत हरलात तर परतीचं तिकीटसुद्धा सुटत नाही. आयोजकांनी वाईल्ड कार्ड दिलं तर ही चढण टळते, पण वाईल्ड कार्ड बहुधा उगवत्यांना नाहीतर नाववाल्यांना मिळतं. पंचविशीतली, कधीकाळी नाव असलेली बाई दोन्हींत बसत नाही.

ती ही चढण चढली. २००७ पासून पुन्हा नियमाने खेळायला लागली. २०१० मध्ये पात्रता फेऱ्या जिंकून विम्बल्डन आणि यूएस ओपन, दोन्हींच्या मुख्य स्पर्धेत आली. २०११ मध्ये दानिएले बारोनीशी लग्न झालं आणि कोष्टकात नाव लांबलं, लुचिच-बारोनी. ऑगस्ट २०१४, न्यूयॉर्क. क्रमांक १२१, वय बत्तीस. पुन्हा पात्रता फेरीतून. तीन सामने जिंकल्यावर मुख्य स्पर्धेत प्रवेश, मग मुगुरुझा, मग शहार पेअर, आणि तिसऱ्या फेरीत जगातली दुसऱ्या क्रमांकाची सिमोना हालेप, ७-६, ६-२. चौथ्या फेरीत सारा एरानीने तिला थांबवलं. ग्रँड स्लॅमच्या चौथ्या फेरीत ती १९९९ नंतर प्रथमच पोचली होती.

आणि दोनच आठवड्यांनी क्युबेक सिटी. अंतिम सामन्यात व्हीनस विल्यम्सला ६-४, ६-३. तेच ते तिसरं विजेतेपद. लुसी ऱ्हादेत्स्काबरोबर दुहेरीही तिनेच जिंकली. जणू सोळा वर्षांची थकबाकी एकाच आठवड्यात वसूल.

तरी लोकांच्या लक्षात राहिली ती २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन. वय चौतीस, क्रमांक ७९. १९९८ नंतर तिने तिथे एकेरीचा एकही सामना जिंकला नव्हता. पहिल्या फेरीत चीनच्या वांग च्यांगविरुद्ध पहिला सेट गेला, तेव्हा ह्याही वर्षी तेच असं वाटलं असेल. ती जिंकली. दुसऱ्या फेरीत तिसरी मानांकित राद्वान्स्का, ६-३, ६-२. मग साकारी, मग ब्रेडी. उपांत्यपूर्व फेरीत प्लिस्कोव्हा. मांडीला पट्ट्या गुंडाळलेल्या, तिसरा सेट, आणि ६-४ ने सामना खिशात. कोर्टावरच्या मुलाखतीत ती रडत होती. जे जे वाईट घडलं ते ह्या एका दिवसाने ठीक झालं, अशा अर्थाचं काहीतरी बोलली. ते जगभर दाखवलं गेलं आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे 'परीकथा' हा शब्द होता.

मला हा शब्द खटकतो. परीकथेत शाप असतो आणि तो सुटला की आधीचं सगळं पुसलं जातं. इथे काय पुसलं गेलं? सतरा ते बत्तीस हे खेळाडूचं ऐन वय, ते कुठून परत आणणार? मेलबर्नला पत्रकारांनी जुन्या दिवसांबद्दल खोदून विचारलं, तेव्हा तिने तपशील द्यायला नकार दिला. लोकांना वाटतं त्यांना माझी गोष्ट माहीत आहे, पण तशी ती माहीत नाही, असा तिचा सूर होता. मला ते फार आवडलं. आपलं दुःख कोणाला किती सांगायचं हे ठरवायचा हक्क तरी तिचाच असू दे. मी वर लिहिलंय तेही तिने आपणहून जेवढं उघड केलं तेवढंच.

उपांत्य फेरीत समोर सेरेना. एकेरीत त्या दोघी त्याआधी फक्त दोनदा खेळल्या होत्या आणि दोन्ही वेळा १९९८ मध्येच. सेरेनाने ६-२, ६-१ असं पन्नास मिनिटांत आटोपलं आणि पुढे व्हीनसला हरवून तेविसावं ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपद घेतलं. सामना संपल्यावर दोघींनी जाळ्यापाशी मिठी मारली. एक पस्तीस वर्षांची, एक चौतीस. ती मिठी तेवढी कोष्टकात नाही.

त्या घोडदौडीचे गुण जमा झाले आणि १ मे २०१७ च्या क्रमवारीत मिरयाना विसावी झाली. सोळाव्या वर्षी बत्तिसावी, पस्तिसाव्या वर्षी विसावी. मग खांद्याची दुखापत. २०१८ च्या हंगामात थोडे सामने, सगळे लवकर हरलेले, आणि त्यापुढे ओळी नाहीत.