डॉक्टर-पदवीची वादसभा आणि तिचे हरवलेले कागद

गेल्या चातुर्मासांत आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं एक बारीकसें लॅटिन चोपडें आमच्याकडे पाहण्यास पाठविलें. पानें बारा-चौदा, कागद जाड, शिलाई सुटलेली. मुखपृष्ठावर दोन नांवें आहेत. एक मोठ्या ठशांत, दुसरें त्याखालीं लहान ठशांत. पहिल्यास 'प्रीसेस' आणि दुसऱ्यास 'रिस्पॉन्डेन्स' अशी संज्ञा लाविली आहे. स्नेह्यांचा प्रश्न सरळ होता : "आमच्या यादींत कर्ता म्हणून यांपैकीं कोणाचें नांव घालावें ?" आमचें लॅटिन बेताचेंच, परंतु पोथ्यांच्या पुष्पिका वाचण्यांत आयुष्याचीं चाळीस वर्षें गेल्यामुळें दोन नांवांचा घोळ आम्हांस अपरिचित नाहीं. या प्रश्नाचा शोध घेतां घेतां जें हातीं लागलें तें संग्राहकांच्या उपयोगी पडण्याजोगें वाटल्यावरून येथें थोडक्यांत देत आहों.

प्रथम संज्ञांचा उलगडा करूं. प्रीसेस म्हणजे वादसभेचा अध्यक्ष, अर्थात् विद्यापीठाचा अध्यापक. रिस्पॉन्डेन्स म्हणजे सभेंत उभा राहून आक्षेपांस उत्तरें देणारा उमेदवार, आपल्या भाषेंत उत्तरवादी. सतराव्या-अठराव्या शतकांत जर्मनी, स्वीडन इत्यादि देशांतील विद्यापीठांत असें चोपडें सभेपूर्वीं छापून वांटीत, आणि छपाईचा खर्च पुष्कळदां विद्यार्थ्याच्या माथीं असे. मजकूर मात्र विद्यार्थ्याचाच असे असें नाहीं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयस हा १७४१ पासून उप्साला येथें अध्यापक होता. त्याच्या अध्यक्षतेखालीं १८६ प्रबंधांवर वाद झाले, आणि हे प्रबंध पुढें 'अमीनिटेटिस अकॅडेमिकी' या संग्रहांत त्याच्याच नांवावर एकत्र छापले गेले. त्याचा पहिला भाग १७४९ चा आहे. शिष्यांनीं सभेंत राखलेले ते प्रबंध बव्हंशीं गुरूचे होते, हें आतां सर्वमान्य आहे.

याहून स्पष्ट उदाहरण कांटचें. १७७० सालीं कोनिग्सबर्ग येथें तर्क व तत्त्वज्ञान यांचें अध्यापकपद मिळतांना त्यानें इंद्रियगम्य व बुद्धिगम्य जगांच्या स्वरूपाविषयींचा आपला लॅटिन प्रबंध वादासाठीं मांडला. त्या सभेंत उत्तरवादी म्हणून त्याचा शिष्य मार्कुस हेर्त्स उभा होता. प्रबंध कांटचा आणि उत्तरें देण्याचें काम हेर्त्सचें. केवळ 'उत्तरवादी तोच कर्ता' असें धरून यादी करणारा येथें फसेल. आणि 'अध्यक्ष तोच कर्ता' हा नियमही सर्वत्र टिकत नाहीं, कारण हुशार विद्यार्थी स्वतःही लिहीत. म्हणून स्नेह्यांस आम्हीं कळविलें कीं, दोन्ही नांवें आपापल्या अधिकारासह लिहावीं, वादसभेची तिथि व स्थळ लिहावें, आणि कर्त्याचा रकाना पुराव्यावांचून भरूं नये.

प्रश्न येथें मिटला असता. परंतु अशा चोपड्यास ग्रंथ म्हणावें कीं नाहीं, अशी शंका आम्हांस येऊं लागली. तें वस्तुतः वादाचें निमंत्रण आहे. न्यायशास्त्राच्या भाषेंत बोलावयाचें तर तें प्रतिज्ञापत्र होय. त्यांत पक्ष मांडलेला आहे, प्रतिपक्ष सभेंत यावयाचा आहे. मार्टिन ल्यूथरच्या १५१७ च्या पंचाण्णव प्रतिज्ञा याच जातीच्या. त्या विद्यापीठीय वादासाठीं लिहिल्या होत्या, पण तो वाद कधीं झालाच नाहीं. वाद झाला नाहीं तरी प्रतिज्ञापत्र राहिलें, आणि त्यानें युरोपचा इतिहास फिरविला. उलट हजारों सभांत वाद झाले, आणि त्यांचीं प्रतिज्ञापत्रें तेवढीं आमच्या हातीं आहेत; तेथें कोण काय बोललें याचा पत्ता नाहीं.

आतां थोडें मागें जाऊं. छापखाना येण्यापूर्वीं परीक्षा होती ती पोथीसमोरची. पोप तिसरा होनोरियस यानें १२१९ सालीं बोलोन्याच्या आर्चडीकनकडे पदवीचा परवाना देण्याचा अधिकार सोंपविला. तेथील पद्धतींत उमेदवाराची खासगी व जाहीर अशी दुहेरी परीक्षा असे. खासगी परीक्षेच्या दिवशीं सकाळीं त्यास धर्मशास्त्राच्या संहितेंतील दोन स्थळें नेमून देत, आणि त्याच दिवशीं पुढें त्यानें अध्यापकांसमोर त्यांचें विवरण करून आक्षेप निवारावे लागत. यानंतर जाहीर समारंभ मंदिरांत होऊन त्यास पुस्तक, अंगठी व टोपी मिळे. पादुआ येथें २५ जून १६७८ रोजीं एलेना कोर्नारो पिस्कोपिया या विदुषीनें अशाच रीतीनें, नेमून दिलेल्या आरिस्टॉटलच्या दोन स्थळांचें विवरण करून तत्त्वज्ञानाची डॉक्टर-पदवी संपादिली. तिला धर्मज्ञानाची पदवी हवी होती, ती बिशपनें नाकारली. सभेस लोटलेला समाज इतका होता कीं समारंभ विद्यापीठांत न होतां तेथील मुख्य मंदिरांत करावा लागला. विद्यापीठाची डॉक्टर-पदवी मिळविणारी पहिली स्त्री म्हणून सामान्यतः तिचेंच नांव घेतलें जातें.

हें वाचतांना मिथिलेच्या शलाकापरीक्षेची आठवण कोणास होणार नाहीं ? परंपरा असें सांगते कीं, पोथीच्या पानांत सळई खुपसावी, ती ज्या शेवटच्या पानास भिडेल तें पान काढावें, आणि विद्यार्थ्यानें त्याचें व्याख्यान करावें. एकीकडे अध्यापकांनीं नेमलेलें स्थळ, दुसरीकडे सळईनें नेमलेलें; दोहोंचा हेतु एकच, तो असा कीं पाठ केलेल्या भाषणास वाव राहूं नये. या दोन चालींचा एकमेकींशीं कांहीं संबंध होता असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. सारखी गरज सारखा उपाय सुचविते, एवढेंच.

वादाचें शास्त्र मात्र आपल्याकडे जितकें बारकाईनें बांधलें गेलें तितकें अन्यत्र क्वचितच. गौतमानें कथेचे वाद, जल्प व वितंडा असे भेद केले. तत्त्वनिर्णयासाठीं चालतो तो वाद. जयासाठीं, छलादिकांचाही आश्रय करून चालतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचा पाडण्यासाठीं चालते ती वितंडा. गुरु, शिष्य व सहाध्यायी यांच्यांत शोभतो तो वाद होय, हें सूत्रकारानें चौथ्या अध्यायांत सुचविलेंच आहे. पांचव्या अध्यायांत बावीस निग्रहस्थानें दिलीं आहेत. त्यांतील प्रतिज्ञाहानि, हेत्वंतर, अप्रतिभा इत्यादि उत्तरवाद्यास लागू पडतात हें उघड आहे. परंतु दोन निग्रहस्थानें आम्हांस आजच्या परीक्षकांच्या दृष्टीनें विशेष विचारार्ह वाटतात. पहिलें पर्यनुयोज्योपेक्षण, म्हणजे समोरच्याचा दोष दिसत असतां तो न दाखविणें. आणि दुसरें निरनुयोज्यानुयोग, म्हणजे जेथें दोष नाहीं तेथें तो लावणें. तात्पर्य, जो प्रश्न विचारावयास बसला तोही हरूं शकतो. गप्प राहणारा परीक्षक सौजन्य दाखवीत नसून पराभव पत्करीत असतो, असा या शास्त्राचा निर्णय आहे.

युरोपांत हें शैथिल्य पुढें आलेंच. हॉलंडांतील हार्डरवाइक हें विद्यापीठ (१६४८-१८११) झटपट पदवीसाठीं प्रसिद्ध होतें. स्वतः लिनेयस १७३५ च्या जून महिन्यांत विषमज्वराच्या कारणांवरील तयार प्रबंध घेऊन तेथें गेला आणि आठवड्याच्या आसपास वैद्यकाचा डॉक्टर होऊन निघाला. जर्मनींत कांहीं विद्यापीठें अनुपस्थितांसही पदवी देत. कार्ल मार्क्सनें १८४१ च्या एप्रिलांत डेमोक्रिटस व एपिक्युरस यांच्या निसर्गविचारांच्या भेदावरील प्रबंध येना येथें धाडला, आणि सभेस उभें न राहतां त्याच महिन्यांत तो डॉक्टर झाला. प्रबंध चांगला होता हें खरें; पण वाद झाला नाहीं हेंही खरें. अशा नामधारी डॉक्टरांवर इतिहासकार मॉमसेन यानें १८७६ सालीं कडक टीका केली. एकोणिसाव्या शतकांत हळूहळू नियम ठरला तो असा : प्रबंध उमेदवारानें स्वतः लिहिलेला असावा, त्यांत नवें संशोधन असावें, आणि तो छापावा.

आमच्या मंडळींनीं परदेशीं पदव्या मिळविल्या त्या या नव्या नियमाखालीं. विष्णु सीताराम सुखटणकरांचा शाकटायन व्याकरणावरील बर्लिनचा प्रबंध महायुद्धानंतर १९२१ सालीं छापील रूपांत आला. रामचंद्र नारायण दांडेकरांचा वैदिक मानवावरील जर्मन प्रबंध हायडेलबर्ग येथें १९३८ सालीं निघाला. डॉ. भीमराव आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील ग्रंथ १९२५ सालीं लंडनांत छापला गेला, आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच. डी. त्यांस १९२७ सालीं मिळाली. तेथें छापील प्रती सादर झाल्यावांचून पदवी पुरी होत नसे. हे ग्रंथ आमच्या ग्रंथालयांत मिळतात. परंतु परीक्षकांनीं समोर बसून काय विचारलें, आणि यांनीं काय उत्तर दिलें, हें त्या छापील पानांवरून कळत नाहीं.

तोंडी परीक्षेकडून ग्रंथाकडे हें स्थित्यंतर पुण्यासही घडलें. पेशवाईंत श्रावणमासच्या दक्षिणेसाठीं शास्त्रीमंडळी येत, आणि विद्वत्ता पाहून वरचढ दक्षिणा मिळे. पुढें १८२१ सालीं विश्रामबाग वाड्यांत संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ सालीं पुण्यांतील तरुण मंडळींनीं दक्षिणेचा कांहीं पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांस लावावा असा अर्ज केला, आणि १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीचें काम सुरू झालें. यामुळें मराठी भाषेचें कल्याण झालें यांत शंका नाहीं. पण तेथेंही ग्रंथ जमा झाले, आणि शास्त्र्यांचे प्रश्न हवेंत विरले.

लेडन विद्यापीठांत (स्थापना १५७५) अजूनही जाहीर वादसभा होते. उमेदवार प्रथम एका लहान खोलींत वाट पाहत बसतो. तिला तेथें 'घाम येण्याची खोली' म्हणतात, आणि पदवी मिळालेल्यांनीं तिच्या भिंतींवर आपल्या सह्या केल्या आहेत. सभेस पाऊण तास होतांच चोपदार आंत येऊन 'होरा एस्त', म्हणजे वेळ झाली, असें पुकारतो. आपल्या ज्योतिषांतील होरा हा ग्रीकांकडून आलेला शब्द याच कुळांतला. त्या पुकाऱ्यासरशीं वाद संपतो; अर्धें राहिलेलें उत्तर अर्धेंच राहतें. भिंतीवरच्या सह्या राहतात आणि प्रबंध राहतो.

येथें आम्हांस आमचा एक अपराध सांगितला पाहिजे. नोकरीच्या आरंभींच्या वर्षांत एका शास्त्रीबोवांच्या घरचीं पोथ्यांचीं बासनें आम्हीं तपासलीं व यादी करून दिली. त्यांत एक गठ्ठा सुट्या पानांचा होता. ना आरंभ, ना अंत, ना पुष्पिका. प्रत्येक पानावर एखादी ओळ उद्धृत करून 'ननु' असा प्रारंभ, आणि 'इति चेन्न' म्हणून खंडन. आम्हीं घाईनें 'सुटीं पानें, निरुपयोगी' अशी नोंद केली. दोन वर्षांनीं पुनः गेलों तेव्हां तो गठ्ठा नव्हता. जीर्ण पोथ्यांबरोबर तोही नदींत सोडला होता. शास्त्रीबोवांचे नातू म्हणाले, "आपणच 'निरुपयोगी' असें लिहून दिलें होतें, मास्तर." त्यांस उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं. न्यायशास्त्र्यांच्या भाषेंत ही अप्रतिभा होय.

तीं पानें म्हणजे क्रोडपत्रें होतीं, हें आम्हांस फार उशिरां कळलें. नव्यन्यायाच्या पंडितांत ग्रंथाच्या एकेका पंक्तीवर निघालेल्या शंका व त्यांचीं समाधानें अशा पत्रांवर टिपून ठेवण्याचा प्रघात होता, आणि तीं गुरुकडून शिष्याकडे जात. नवद्वीपाकडील काळीशंकर भट्टाचार्यांचीं क्रोडपत्रें 'कालीशंकरी' या नांवानें नैयायिकांत मान्य आहेत. टीका ही ग्रंथाचा अर्थ सांगते. क्रोडपत्र हें त्या ग्रंथावर प्रत्यक्ष भांडण कोठें झालें तें सांगतें. जो वाद युरोपच्या प्रतिज्ञापत्रांत आम्हांस सांपडत नाहीं, तो आमच्या घरच्या सुट्या पानांत होता, आणि आम्हीं तो स्वहस्तें बुडविला.

सबब संग्राहकांस आमची दोन गोष्टींची विनंती आहे. पहिली, बासनांतील सुटीं पानें, विशेषतः 'ननु' व 'इति चेन्न' यांनीं भरलेलीं, निरुपयोगी म्हणून वेगळीं काढूं नयेत. ज्या पोथीजवळ सांपडलीं तिचा अंक त्यांवर घालून तशींच बांधून ठेवावीं. दुसरी, आज डॉक्टर-पदवीसाठीं प्रबंध लिहिणारे जे तरुण आपल्या परिचयाचे असतील, त्यांस सांगावें कीं मुखपरीक्षेच्या दिवशीं घरीं येतांच परीक्षकांचे प्रश्न, आपलीं उत्तरें, आणि जेथें उत्तर सुचलें नाहीं तें स्थळ, एका कागदावर टिपून आपल्या प्रतींत ठेवावें. त्या कागदास कोणी पदवी देणार नाहीं. पण पन्नास वर्षांनीं प्रबंधाचें मोल ठरवूं पाहणारा वाचक प्रथम तोच शोधील.

स्नेह्यांचें चोपडें आम्हीं परत केलें. परत करण्यापूर्वीं पुनः एकदां चाळतांना समासांत फिकट शाईच्या तीन-चार ओळी दिसल्या. आक्षेपक म्हणून सभेस आलेल्या कोणाच्या असाव्या. अक्षर लागलें नाहीं. तेवढें पान जपावें, असें स्नेह्यांस मुद्दाम लिहिलें आहे. इत्यलम्.