गार्डच स्टेशनमास्तर

मंडईतून भाजी घेऊन निघालेला पुणेकर सप्टेंबर २०२४ पासून तिथेच जिना उतरून मेट्रो पकडू शकतो. तिकीट यंत्रातून निघते, फाटक आपोआप उघडते. कोणाशी चकार शब्द न बोलता स्वारगेट गाठावे! माणसांवाचून चालणारे स्टेशन ही आजची करामत, असे आपल्याला वाटते. वऱ्हाडात मात्र अशी स्टेशने पूर्वीपासून होती आणि तिथे यंत्रेही नव्हती.

किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने १९१० च्या सुमारास यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर हा सुमारे १९० किलोमीटरचा अडीच फुटी रेल्वेमार्ग उभारायला घेतला. हेतू उघड होता. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला न्यायचा. लोकांनी मात्र या गाडीला प्रेमाने ‘शकुंतला’ म्हटले. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिच्यासाठी राबले.

स्वातंत्र्यानंतर रेल्वे देशाची झाली. हा मार्ग तेवढा कंपनीच्या मालकीचा राहिला. भारतीय रेल्वे तो करारावर चालवी. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी त्याची गत झाली. लहान स्टेशनांवर पुढे कर्मचारीच उरले नाहीत. मग गाडीबरोबरची मोजकी माणसेच सारे करू लागली. गार्ड उतरून तिकिटे विकी, सिग्नल पाही, वेळ पडल्यास डबेही सोडवी. शेतमजूर, विद्यार्थी, बाजाराला निघालेल्या बाया यांना एसटीपेक्षा हे तिकीट परवडे.

जपानच्या होक्काइडो बेटावरील क्यू-शिराताकी या बिनमाणसांच्या स्टेशनाची गोष्ट २०१६ मध्ये जगभर गाजली. एका शाळकरी मुलीसाठीच ते चालू ठेवले, हे सांगणाऱ्यांनी जरा वाढवलेले. पण तिचे शिक्षण संपले आणि त्याच मार्चमध्ये स्टेशन बंद झाले, हे खरे.

आपल्याकडे त्याच २०१६ मध्ये शकुंतलेच्या रुंदीकरणाची घोषणा झाली. पुढे काही वर्षांत जुनी गाडी थांबली. नव्या गाडीची मागणी करत दर्यापूर-अंजनगावकडची माणसे अर्ज-आंदोलने करत राहिली.

स्टेशनमास्तर नसला तरी गावाचे अडले नव्हते. तिकिटाची खिडकी बंद असली तरी चालत होते. ठरल्या वेळी गाडी थांबते, एवढ्या भरवशावर ते स्टेशन जिवंत होते. तो भरवसा गेला, तेव्हा गरिबाचा स्वस्त प्रवासही गेला.