मोरचुदाची राखण

फेब्रुवारीच्या अखेरीस हिमाचलात कोटगढच्या एका बागेत सफरचंदाची दोन-तीन वर्षांची झाडं पहिल्यांदा जवळून पाहिली. बर्फ फक्त बांधांच्या सावलीत उरला होता. जवळजवळ प्रत्येक खोड जमिनीपासून पहिल्या फांदीपर्यंत रंगवलेलं. लांबून पांढरं दिसायचं, जवळ गेलं की त्यात निळसर झाक. नखाने खरवडलं तर खडबडीत पापुद्रा निघाला. हे काय, असं बागवानाला विचारलं. तो म्हणाला, "चूना, नीला थोथा और अलसी का तेल."

नीला थोथा म्हणजे आपलं मोरचूद. मी जागीच थबकलो. जवसाचं तेल पावसापाण्यात लेप धरून ठेवायला, ते सोडलं तर उरतो चुना आणि मोरचूद. नाशिककडे छाटणी झाली की द्राक्षाच्या खोडांना आणि आडव्या ओलांड्यांना फासतात ती बोर्डो पेस्ट! आमच्याकडे ती बुरशीसाठी. इथे बर्फात तिचं काय काम?

काम दुहेरी आहे. हिवाळ्यात दुपारचं ऊन नैऋत्येकडच्या सालीवर पडतं, गडद साल तापते, आतल्या पेशी जाग्या होतात आणि सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात गोठतात. साल उभी फाटते. चुन्याचा पांढरा रंग ऊन परतवतो, साल फारशी तापत नाही. दुसरा शत्रू दातांचा. बर्फाखाली गवत मिळेनासं झालं की उंदीर, ससे, सायाळ कोवळ्या सालीवर येतात. पानांनी केलेली साखर सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. साल सगळ्या बाजूंनी कुरतडली गेली की मुळं उपाशी मरतात आणि मागून झाड.

कोटगढ-ठाणेधारच्या उतारांवर सत्यानंद स्टोक्स यांनी १९१६च्या सुमारास अमेरिकेतून आणून लावलेल्या सफरचंदाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. खोडाला चुना फासणं तर जगभर जुनं. मला ओढ लागली ती त्या निळ्या झाकेची.

तिचं गाव फ्रान्समध्ये आहे. बोर्डोजवळच्या मेडॉक भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर येणारेजाणारे हात मारत. म्हणून बागाईतदार कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. पानं निळी-पांढरी, विषारी दिसायची आणि चोर पुढे जायचा. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने १८७८पासून फ्रान्सच्या बागा झोडपायला सुरुवात केली होती. ऑक्टोबर १८८२मध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मिलार्दे सेंट-ज्युलियेन गावातून चालले होते. सगळ्या बागा पानगळीने उघड्या पडलेल्या, फक्त रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार. त्यांनी चौकशी केली, बोकायू वाड्याचे कारभारी एर्नेस्त दाव्हिद आणि रसायनतज्ज्ञ गेयॉं यांच्यासोबत प्रयोग केले आणि १८८५मध्ये कृती प्रसिद्ध केली. तेच बोर्डो मिश्रण.

माझं म्हणणं सरळ आहे. हे मिश्रण जन्माने राखणदार आहे, औषध ते मागाहून झालं. कोटगढच्या खोडावर ते आपल्या मूळ धंद्यावर परतलं आहे. यावर कृषीवाले हरकत घेतील, आणि ती वजनदार आहे. ते म्हणतील, गारठ्यापासून वाचवतो तो चुना, मोरचूद फक्त बुरशीसाठी आणि जनावरांसाठी जाळीच खरी. शिवाय खोडाच्या लेपाची वंशावळ बोर्डोपेक्षा जुनी आहे. तिसऱ्या जॉर्ज राजाचा केन्सिंग्टनचा माळी विल्यम फोर्साइथ याने १७९१मध्येच शेण, जुन्या इमारतींचा चुना, लाकडाची राख आणि वाळू यांचा लेप जाहीर केला होता. आरमाराच्या लाकडाची चिंता असलेल्या पार्लमेंटने त्याला बक्षीसही दिलं. फळबागांचा जाणकार थॉमस अँड्र्यू नाइट याने त्या दाव्यांवर कडाडून टीका केली, हा भाग वेगळा. हे सगळं मला मान्य. पण फोर्साइथचा लेप जखमेवरचा, वैद्याचा. चव आणि रंग दाखवून परक्याला दूर ठेवणं ही रीत मेडॉकची, आणि ती खूण मोरचुदानेच आणली.

आता हा शब्द. मोरचूद! त्यात मोर का बसला? संस्कृतात या खड्याला तुत्थ, मयूरतुत्थ, आणि शिखिग्रीव, म्हणजे मोराची मान, अशी नावं आहेत. गुजरातीत मोरथूथू, तमिळमध्ये मयिल तुत्तम, कन्नडमध्ये मैलुतुत्त. म्हणजे या तिन्ही घरी मोर आणि तुत्थ एकत्र नांदतात. कोणी म्हणेल, मराठीतलं 'चूद' हे चूडा, म्हणजे मोराच्या तुऱ्यावरून आलं. ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही. संस्कृत नावाने मान निवडली आहे, तुरा नाही, आणि शेजारी सगळे तुत्थ धरून बसलेले असताना मराठीनेच वेगळी वाट का धरावी? त-थचा च-द होणं ही कडी कच्ची आहे, तरी तुत्थच बाजाराच्या तोंडी घासून 'चूद' झाला असं मी ठामपणे मानतो. काही अभ्यासक तुत्थालाच परका ठरवतात. फारसीत 'दूद' म्हणजे धूर, भट्टीच्या धुरातून जमणाऱ्या भुकटीवरून तूतिया आणि त्यावरून तुत्थ हा शब्द आला, असं त्यांचं मत. पण ती भुकटी जस्ताची. निळ्या खड्याला तिचं नाव मिळालं असेल, मोर मात्र इथलाच आहे.

रसरत्नसमुच्चय या संस्कृत रसग्रंथात याच खड्याला सस्यक म्हटलं आहे. अमृत प्यायलेल्या गरुडाने हलाहल पिऊन ते मरकत पर्वतावर ओकलं, त्याचा हा खडा झाला, अशी तिथली कथा. चोराला विष वाटलेल्या आणि वेलीला अमृत ठरलेल्या पदार्थाला याहून नेमकी जन्मकथा मला सुचत नाही.

पेस्टची कृती आमच्याकडे पोरंही सांगतात: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवायचं, एकदमच तिसऱ्या बादलीत ओतायचं. मग विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचुदातलं तांबं मोकळं आहे, चुना वाढवा. माझे काका अजूनही विळा बाहेर काढून उन्हात तिरका धरतात, बराच वेळ बघतात आणि मगच ब्रशला हात लावू देतात.

कोटगढच्या बागवानाने निघताना मला बागेच्या वरच्या टोकाला नेलं. तिथे एका झाडाची साल कुरतडलेली होती. पेस्टची रेघ गुडघ्याच्या थोडी वर थांबली होती आणि दातांचे ओरखडे बरोबर त्या रेघेच्या वर सुरू झाले होते. बर्फ साचला तेव्हा जनावर बर्फावर उभं राहिलं, रंगवलेला भाग सोडून उघडं खोड त्याने गाठलं. साल तीन बाजूंनी गेली होती, चौथी बाजू बोटभर रुंद शाबूत होती. बागवानाने त्या पट्टीवरून अंगठा फिरवला, बादली जवळ ओढली आणि नवी रेघ दोन विती वर ओढली.