स्मार्ट वस्त्रे : विद्यार्थ्यांच्या नमुन्यांची कसोटी वापरणाऱ्यांच्या हाती

लखनौ : जरदोजी आणि चिकनकारीसाठी प्रसिद्ध असलेल्या लखनौचे नाव आता आधुनिक वस्त्रोद्योगाशीही जोडले जात आहे. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये जाहीर केलेल्या सात पीएम मित्र पार्कांपैकी एक लखनौ-हरदोई परिसरात सुमारे १,००० एकरांवर नियोजित आहे. महाराष्ट्रातील अमरावतीचाही या सातांत समावेश आहे. देशभरातील अभियांत्रिकी व डिझाइनचे विद्यार्थी सामाजिक प्रश्नांवर उपाय म्हणून ज्या स्मार्ट वस्त्रांचे नमुने तयार करतात, त्यांचे स्वरूप आणि मर्यादा या पार्श्वभूमीवर समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

संकल्पना

उष्णता, दाब, ओलावा किंवा हालचाल यांतील बदल ओळखून त्याला प्रतिसाद देणाऱ्या वस्त्राला स्मार्ट वस्त्र म्हणतात. त्यात वीज वाहून नेणारे धागे, सेन्सर आणि लहान बॅटरी असते. काही वस्त्रांना मात्र विजेची गरज नसते. त्यांतील मेणासारखा पदार्थ वितळताना उष्णता साठवतो आणि गोठताना ती सोडतो.

या तंत्राचे जरीशी जुने नाते आहे. अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात कापडावर विद्युत मंडल तयार करण्यासाठी धातूच्या पातळ पत्र्याने वेढलेल्या धाग्यांचे रेशमी ऑर्गेन्झा वापरले. असे कापड भारतात पूर्वापार विणले जाते. आजच्या प्लास्टिकच्या जरीत हा गुण असतोच असे नाही.

तीन उदाहरणे

स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या गटाने २००७ मध्ये अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कमी वजनाच्या नवजात बालकांसाठी उबदार पिशवी तयार करण्याचे काम हाती घेतले. यातूनच ‘एम्ब्रेस’ हा उपक्रम उभा राहिला. पिशवीतील मेणासारखा पदार्थ सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमान काही तास टिकवतो. महाराष्ट्रातील चाचणीदरम्यान एका मातेने, औषध जहाल असते म्हणून आपण पिशवी सांगितल्यापेक्षा कमीच तापवू, असे सांगितले. ही सावधगिरी बाळाच्या जिवावर बेतू शकली असती. त्यानंतर तापमानाचे आकडे काढून, पिशवी योग्य तापली आहे की नाही एवढेच दाखवणारी खूण ठेवण्यात आली.

मुंबईच्या के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील निहाल सिंग आदर्श या विद्यार्थ्याने कोविड काळात पीपीई किटमध्ये हवा खेळती ठेवणारी ‘कोव्ह-टेक’ प्रणाली तयार केली. पहिला नमुना गळ्याभोवती घालायचा होता. त्याचा आवाज आणि कंपने त्रासदायक ठरतील, असे पुण्यातील डॉक्टरांनी निदर्शनास आणल्यावर तो बाजूला ठेवून कमरेच्या पट्ट्याची रचना स्वीकारण्यात आली.

चेन्नईच्या एसआरएम विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी २०१३ मध्ये महिलांच्या सुरक्षेसाठी दाब ओळखणारे सेन्सर, विजेचा धक्का आणि जीपीएस असलेले अंतर्वस्त्र तयार केले. अशा वस्त्राचा संदेश कोणाकडे जातो आणि मदत किती वेळात पोहोचते, यावर त्याची उपयुक्तता अवलंबून असते. उत्तर प्रदेशात महिलांसाठीची १०९० ही हेल्पलाइन लखनौहून चालते, तर ११२ हा देशभराचा आपत्कालीन क्रमांक आहे. या यंत्रणांशी जोडले न गेलेले वस्त्र केवळ इशारा देऊ शकते.

अडचणी आणि पाठबळ

प्रयोगशाळेत चालणारा नमुना रोजच्या वापरात अनेक कारणांनी निकामी होतो. घाम आणि धुलाईमुळे धाग्यावरील चांदीचा मुलामा झिजतो, वारंवार घडी पडल्याने जोड तुटतात आणि चुकीचे इशारे वाढले की वापरणाऱ्याचा विश्वास उडतो. बॅटरी काढून धुण्याची सोय, चार्जिंगची उपलब्धता आणि परवडणारी किंमत यांचा विचार म्हणूनच रचनेच्या सुरुवातीलाच करावा लागतो.

केंद्र सरकारने २०२० मध्ये १,४८० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र अभियानाला मंजुरी दिली. त्याअंतर्गत ‘ग्रेट’ योजनेतून नवउद्यमांना ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा विद्यार्थ्यांच्या गटात किमान एक विद्यार्थिनी असणे बंधनकारक आहे.

लखनौची जरदोजी आणि चिकनकारी या दोन्ही कलांना भौगोलिक मानांकन आहे. धातूचा धागा न तोडता कापडावर बसवण्याचे कौशल्य येथील कारागिरांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. विद्यार्थ्यांच्या नमुन्यांना टिकाऊपणा हवा असेल, तर वापरणाऱ्यांइतकेच या कारागिरांचे म्हणणेही ऐकावे लागेल.