चेहऱ्याची आखणी



आपल्या भाषेने माणसाची अब्रू त्याच्या चेहऱ्यावर ठेवली आहे. अब्रू गेली की नाक कापले जाते. नापसंती असली की आपण नाक मुरडतो, नवल वाटले की भुवया उंचावतो आणि पाहुणा अवेळी दारात उभा राहिला की कपाळाला आठ्या पडतात. या आठ्या घालवणारी एक सुई आज पुण्यामुंबईत सर्रास टोचली जाते आणि आपल्यासारख्या गावांतही तिची चौकशी होऊ लागली आहे. लोक तिला ‘बोटॉक्स’ म्हणतात. वस्तुतः ते एका कंपनीच्या मालाचे नाव. औषधाचे खरे नाव बॉट्युलिनम विष. हे विष चेहऱ्यापर्यंत कसे आले, आणि ते टोचण्यापूर्वी चेहऱ्याची आखणी का करावी लागते, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभ मात्र विषापासून करीत नाही. नीरा ओलांडून उत्तरेस गेले की पुणे फार दूर नाही. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात ज्या घटनेला जगाने मान दिला, ती अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याच पुण्याच्या परिसरात घडली.

टिपू सुलतानाशी 1790 ते 1792 या काळात जे युद्ध झाले, त्यात कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेच्या बैलांवर गाडीवान होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तशा चेहऱ्याने वावरला. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबई इलाख्याचे क्रूसो आणि फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर ती क्रिया पाहावयास हजर होते. जानेवारी 1794 मध्ये चित्रकार जेम्स वेल्स याने कावसजीचे चित्र काढले आणि ऑक्टोबर 1794 च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये सारी हकीकत छापून आली.

त्या कारागिराने प्रथम काय केले, तिकडे लक्ष द्यावे. शस्त्र हाती घेण्यापूर्वी त्याने मेणाचा पातळ पत्रा घेऊन तुटलेल्या जागेवर नाकासारखा बसवला. मग तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. त्या रेघेबरहुकूम कपाळाची कातडी सोडवली. दोन भुवयांच्या मध्ये मात्र तिचा एक पदर जोडलेलाच ठेवला, कारण त्यातूनच रक्त वाहावयाचे होते. जुन्या व्रणाच्या कडा ताज्या केल्या, कातडी पिळून खाली आणली आणि कडांवर आपण पानात खातो तो काथ पाण्यात कालवून, कापडाच्या पट्ट्यांवर माखून थरांनी बसवला. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेल्या घड्या ठेवल्या. सुमारे पंचविसाव्या दिवशी, नाकाने नव्या जागी मूळ धरल्यावर, भुवयांमधला पदर कापला.

यात आखणी आधी आहे आणि शस्त्र नंतर. ही शिस्त त्याहूनही जुनी. सुश्रुताने नाक सांधण्याची जी रीत सांगितली, तीत नाकाच्या मापाचे झाडाचे पान कापून घ्यावे असे आहे. पानाच्या जागी मेण आले; विचार तोच राहिला. लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने हा वृत्तांत ध्यानात घेऊन आधी प्रेतांवर सराव केला, 23 ऑक्टोबर 1814 रोजी जिवंत माणसावर ही क्रिया केली आणि 1816 साली तिच्यावर पुस्तक लिहिले. युरोपात ही रीत ‘भारतीय पद्धत’ म्हणून ओळखली गेली. कावसजीचे नाव राहिले, डॉक्टरांची राहिली, चित्रकाराचे राहिले. ज्याच्या हाताने नाक झाले त्याचे नाव मात्र त्या वृत्तांतात कोणी लिहिले नाही.

आता विषाकडे वळू. जर्मनीतील वुर्टेम्बर्ग येथे युस्टिनुस केर्नर नावाचा एक वैद्य होता. तो कवीही होता. सॉसेज, म्हणजे आतड्यात भरलेले मांस, खाऊन माणसे लुळी पडून मरत. केर्नरने अशा रोग्यांची टिपणे जमवून 1822 साली ग्रंथ प्रसिद्ध केला आणि ते विष थोडे स्वतःही चाखून पाहिले. हे अत्यल्प मात्रेत दिले तर ज्यांचे स्नायू अकारण उसळतात त्यांना उपयोगी पडेल, अशी कल्पना त्याने त्याच वेळी मांडली. लॅटिनमध्ये सॉसेजला ‘बोट्युलस’ म्हणतात. विषाचे नाव त्यावरून पडले.

1895 साली बेल्जियममधील एल्झेल या गावी एका अंत्यविधीनंतर वादकांच्या पथकाने मिठात मुरवलेले डुकराचे मांस खाल्ले. पुष्कळजण आजारी पडले आणि तिघे मेले. प्राध्यापक व्हान एर्मेंगेम याने त्या मांसातून रोगाचा जंतू वेगळा केला. हा जंतू हवा नसलेल्या जागी वाढतो. गुरांनाही तो सोडत नाही. चाऱ्यात फॉस्फरस कमी पडला की जनावर माळावरची जुनी हाडे चघळते, आणि त्यांतले विष पोटात जाऊन त्याचे पाय लुळे पडतात. आपल्या गावच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना हा रोग नवा वाटणार नाही.

1949 साली इंग्लंडमध्ये या विषाचे कार्य उलगडले. मज्जातंतूच्या टोकातून एक द्रव्य सुटते आणि त्याच्या सांगण्यावरून स्नायू आकसतो. हे विष ते द्रव्यच सुटू देत नाही. स्नायू मरत नाही. त्याच्यापर्यंत हुकूम पोहोचत नाही, एवढेच. तीनचार महिन्यांत निरोपाची वाट पुन्हा मोकळी होते. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य अॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांवर त्याचा उपयोग करून 1980 साली अनुभव प्रसिद्ध केले. 1989 मध्ये अमेरिकेने त्या औषधाला परवाना दिला. पापण्या आपोआप घट्ट मिटणाऱ्या रोग्यांनाही ते लाभले. अशाच रोग्यांवर उपचार करताना कॅनडातील व्हँकूव्हर येथील नेत्रवैद्य जीन कॅरुदर्स यांना दिसले की भुवयांमधल्या आठ्याही मावळतात. त्यांचे पती अॅलिस्टेर हे त्वचावैद्य. दोघांनी मिळून 1992 साली त्यावर निबंध लिहिला. अमेरिकेत भुवयांमधील आठ्यांसाठी 2002 मध्ये, डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्यांसाठी 2013 मध्ये, कपाळासाठी 2017 मध्ये आणि मानेवरील उभ्या दोऱ्यांसाठी 2024 मध्ये परवानगी मिळाली.

येथे आपला मेणाचा पत्रा पुन्हा आठवावा. चेहऱ्याचे स्नायू एकमेकांशी रस्सीखेच करीत असतात. भुवई वर उचलणारा स्नायू कपाळावर एकच आहे. तिला खाली ओढणारे अनेक आहेत. उतारवयात ज्यांच्या पापण्या जड होतात, ती माणसे नकळत कपाळ उचलूनच पाहत असतात. त्यांचे कपाळ सरसकट लुळे केले तर आडव्या रेघा जातील खऱ्या, पण भुवया डोळ्यांवर उतरतील. म्हणून जाणता वैद्य आधी चेहरा स्वस्थ असताना पाहतो. मग आठ्या घाला, भुवया उचला, हसा, खालचे दात दाखवून मान ताणा, असे सांगतो, आणि मगच खुणा करतो. भुवयांमध्ये ठरलेल्या मात्रेत पाच ठिकाणी चार-चार एकक जातात. सुई डोळ्याच्या खोबणीच्या हाडापासून निदान एक सेंटिमीटर वर ठेवावी लागते, नाहीतर पापणी पडते. मानेचा स्नायू कागदासारखा पातळ आहे आणि त्याच्या खाली गिळण्याचे स्नायू आहेत. सुई खोल गेली किंवा मात्रा वाढली तर घास गिळणे जड जाते. एका कंपनीचे एकक दुसऱ्या कंपनीच्या एककाबरोबरीचे नसते. गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि स्नायू दुबळे करणाऱ्या रोगाने पीडित माणसांनी या वाटेला जाऊ नये. चेहरा स्वस्थ असतानाही दिसणारी खोल रेघ एका सुईने पुसली जात नाही, हेही आधीच सांगितले पाहिजे.

हे न पाळल्यास काय होते, त्याचा दाखला 2004 सालचा आहे. अमेरिकेतील फ्लोरिडात प्रयोगशाळेसाठी बनवलेले, माणसासाठी परवाना नसलेले विष टोचले गेले आणि चार माणसे लुळी होऊन रुग्णालयात पडली. टोचणारा स्वतः त्यांतलाच एक होता.

चेहरा नीट दिसावा ही इच्छा मी हलकी मानत नाही. वर्षभर नाकावाचून वावरलेल्या कावसजीला तिचे मोल विचारावे. परंतु कारागिराची चूक झाली असती तर ती कावसजीच्या कपाळावर जन्मभर दिसली असती. हे जाणूनच त्याने आधी मेण हाती घेतले. आजची चूक चार महिन्यांनी विरते, म्हणून हात सैल होतो आणि स्वस्ताईचा मोह पडतो. तेव्हा आपल्यापैकी कोणी त्या खुर्चीत बसलेच, तर तीन गोष्टी विचाराव्या: टोचणारा वैद्य कोण, कुपी कोणती, आणि आखणी केली काय. त्या वीटकाराचे नाव लिहून घ्यावे असे कोणाला सुचले नाही, हे आपले दुर्दैव. आपल्या चेहऱ्याला हात लावणाऱ्याचे नाव विचारणे एवढे तरी आपल्या हाती आहे.