जुन्या गाडीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवताना

पावसाळ्यात चोर्ला घाटात बॉनेट वर करून उभी असलेली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर, हे बेळगाव-पणजी रस्त्यावरचं एके काळचं नेहमीचं दृश्य. कुणी तरी डिस्ट्रिब्युटरची कॅप काढायचा, आतली ओल फडक्याने पुसायचा, पॉइंटवरून पॉलिश पेपरचा तुकडा फिरवायचा आणि गाडी परत चालू व्हायची. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 अखेर गेली, अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन 2014 मध्येच थांबलं. आता या गाड्या उरल्यात त्या हौशी मालकांकडे किंवा वडिलांची आठवण म्हणून सांभाळणाऱ्यांकडे. पण नुसत्या अंदाजाने पॉइंट लावणारे मेस्त्री कमी झाले आणि बाजारात मिळणाऱ्या कंडेन्सरचा भरवसा राहिला नाही. त्यामुळे पॉइंट काढून टाकून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवण्याकडे बऱ्याच मालकांचा कल दिसतो. काम तासाभराचं आहे. मात्र त्याआधी जे तपासायचं ते कुणी तपासत नाही आणि मग दोष मॉड्यूलवर जातो.

पॉइंट म्हणजे साधा स्विच. चावी लावली की बॅटरीचा करंट कॉइलच्या आतल्या जाड तारेच्या वेटोळ्यातून पॉइंटमार्गे बॉडीला जातो. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर चार कोपऱ्यांचा कॅम असतो. त्याचा एकेक कोपरा पॉइंट उघडतो, करंट एकदम तुटतो आणि त्या झटक्याने कॉइलच्या बारीक तारेत हजारो व्होल्ट तयार होतात. हा दाब रोटरवरून, कॅपमधून, वायरमधून त्या त्या प्लगपर्यंत पोचतो. कंडेन्सरचं काम करंट स्वच्छ तुटू देण्याचं. तो बिघडला की पॉइंटमध्येच मोठी ठिणगी उडते आणि प्लगवर काहीच राहत नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी 1910 च्या सुमारास ही पद्धत रूढ केली आणि पुढची साठेक वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या तिच्यावर धावल्या. क्रायस्लरने 1973 पर्यंत आपल्या अमेरिकेतल्या सगळ्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिलं. आपल्याकडे पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर त्यानंतरही बरीच वर्षं पॉइंटवरच विकल्या गेल्या.

चार सिलिंडरचं एन्जिन मिनिटाला 3,000 फेऱ्या घेत असेल तर पॉइंट सेकंदाला 100 वेळा उघडतात. दर वेळी साधारण तीन-चार अ‍ॅम्पिअर करंट तुटतो. त्यामुळे एका बाजूला खड्डा पडतो, दुसऱ्या बाजूला टेंगूळ येतं. याहून मोठी भानगड त्या फायबरच्या टाचेची, जी कॅमवर घासत असते. ती झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंगही मागे जातं. मालकाला वाटतं गाडी म्हातारी झाली, चढावर ओढत नाही. प्रत्यक्षात फट 15 थाऊची 8 थाऊ झालेली असते. लुकास पद्धतीच्या चार सिलिंडरच्या डिस्ट्रिब्युटरला 14 ते 16 थाऊ, म्हणजे 0.35 ते 0.40 मिलिमीटर फट लागते. पद्मिनीसाठी तिच्या पुस्तकातला आकडा घ्यावा. फिलर गेज, चांगले पॉइंट, कॅमवर ग्रीसचा एक ठिपका एवढं वेळेवर झालं तर पॉइंटची गाडी झकास चालते, हे आधी मान्य करायला हवं. व्यवस्थित लावलेल्या पॉइंटच्या जागी मॉड्यूल बसवल्याने एन्जिनची ताकद वाढत नाही. मायलेज दुप्पट होतं असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्यावं. फायदा आहे तो वेगळा: आज लावलेलं टायमिंग दोन वर्षांनीही तिथेच राहतं, थंडीत सेल्फ कमी मारावा लागतो, आणि मिस-फायर कमी झाल्याने पीयूसीला हायड्रोकार्बनचा आकडा आटोक्यात येतो. वडोदऱ्याकडे जुनी गाडी सीएनजीवर चालवणाऱ्यांना तर हा फरक लगेच कळतो, कारण गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं.

बहुतेक किटमध्ये दोनच गोष्टी असतात. कॅमवर दाबून बसवायची चार चुंबकांची रिंग आणि पॉइंटच्या जागी स्क्रूने लागणारं मॉड्यूल, ज्यात चुंबक जवळून गेल्याचं ओळखणारा हॉल सेन्सर असतो. काही किट चुंबकाऐवजी प्रकाशाचा झोत तोडणारी चकती वापरतात. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही निघतात. कॉइल, रोटर, कॅप, वायरी तशाच राहतात. किट मागताना गाडीचं नाव सांगून भागत नाही. पन्नास वर्षांत कुणाच्या गाडीत कुठला डिस्ट्रिब्युटर येऊन बसलाय ते देव जाणे. बॉडीवर कोरलेला नंबर वाचून, रोटर कुठल्या दिशेला फिरतो ते बघूनच किट घ्यावं.

आता मुख्य मुद्दा. मॉड्यूल फक्त स्विच बदलतं. डिस्ट्रिब्युटर तोच राहतो. रोटर काढून दांडा दोन बोटांत धरून आडवा हलवून बघावा. खडखड जाणवली तर बुश गेलेत. हॉल सेन्सरला थोडी ढिलाई चालते, पॉइंटइतकी नाटकं तो करत नाही. पण दांडा फारच डगमगत असेल तर चुंबकाची रिंग सेन्सरला घासते आणि नवं किट पहिल्याच फेरीत संपतं. बेळगावात उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत असताना लेथवर बुश करून घेणं ही अडचण नव्हे. दुसरं, प्लेटखालची अ‍ॅडव्हान्सची वजनं. गंज आणि वाळलेल्या ग्रीसमुळे ती अडकतात. रोटर हाताने फिरवून सोडला तर तो स्प्रिंगने परत जागेवर यायला हवा. तिसरं, व्हॅक्यूमचा पाइप तोंडाने ओढून बघायचा. आतली प्लेट हलली पाहिजे; हलली नाही तर पडदा फाटलाय. चढावर गाडी न ओढण्याचं कारण कित्येकदा या दोन ठिकाणी सापडतं आणि तिथे मॉड्यूल काही करू शकत नाही.

विजेच्या बाजूला सगळ्यात आधी बघायची ती बॅटरीची दिशा. 1960 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश वळणाच्या गाड्यांत प्लसची बाजू बॉडीला जोडलेली असते. नेहमीचं मॉड्यूल मायनस बॉडीला असलेल्या गाडीसाठी असतं. उलट जोडलं की क्षणात जळतं. मग कॉइल. मल्टिमीटरने तिच्या दोन लहान टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजावा. साधी 12 व्होल्टची कॉइल साधारण 3 ओहम दाखवते. दीडच्या आसपास आकडा आला तर ती बॅलास्टवर चालणारी कॉइल आहे, म्हणजे तिच्या वाटेत वेगळा रेझिस्टर किंवा रेझिस्टन्सची वायर असते. ती थेट 12 व्होल्टवर जोडली तर करंट दुप्पट होतो, कॉइल तापते आणि मॉड्यूलचा बळी जातो. किटच्या कागदावर किमान किती ओहम चालतात ते लिहिलेलं असतं, त्याच्या खाली जायचं नाही. बॅलास्ट ठेवायचा असेल तर मॉड्यूलची लाल वायर बॅलास्टच्या आधी, म्हणजे पूर्ण 12 व्होल्ट मिळतील तिथे जोडायची. काळी वायर कॉइलच्या मायनसला. या दोघींची अदलाबदल झाली तर दुकानदार किट परत घेत नाही!

डिस्ट्रिब्युटरच्या आत प्लेटला बॉडीशी जोडणारी छोटी लवचीक वायर असते. ती अर्धवट तुटलेली असेल तर गाडी कधी चालते, कधी नाही, आणि दोष शोधताना दिवस जातो. प्लगच्या वायरी नुसत्या तांब्याच्या असतील तर त्यांच्या विद्युत गोंगाटाने सेन्सर गोंधळतो; कार्बनच्या, रेझिस्टन्स असलेल्या वायरी घालाव्यात.

बसवून झाल्यावर टायमिंग नव्याने लावायलाच हवं, कारण सेन्सर कॅमच्या बरोबर त्याच अंशावर तोडेल याची खात्री नसते. पॉइंटला बल्ब लावून टायमिंग बघायची जुनी युक्ती इथे बऱ्याचदा चालत नाही. व्हॅक्यूमचा पाइप काढून, त्याचं तोंड बंद करून, एन्जिन चालू ठेवून टायमिंग लाइटने पुलीवरची खूण बघावी.

एक सवय मात्र बदलावी लागते. चावी चालू ठेवून, एन्जिन बंद असताना रेडिओ ऐकत बसायचं नाही. साध्या मॉड्यूलमध्ये करंट तसाच वाहत राहतो आणि कॉइल, मॉड्यूल दोन्ही तापतात. बॅटरी फार उतरली असेल तर पॉइंटची गाडी धक्क्यावर कदाचित निघते, मॉड्यूलची निघेलच असं नाही. शिवाय पॉइंट जाताना आधी कुरकुर करतात, मिसिंग देतात. मॉड्यूल जातं ते न सांगता, आणि नेमकं मोबाइलला रेंज नसलेल्या वळणावर.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्राच्या 2021 च्या नियमांत ‘व्हीए’ मालिकेची वेगळी नोंदणी आहे. तिथे गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा एन्जिनमध्ये मोठा फेरफार नसावा अशी अट आहे. नोंदणीचा विचार असेल त्याने काढलेले पॉइंट भंगारात टाकू नयेत. तसंही किट बसवताना काही कापावं किंवा भोक पाडावं लागत नाही. पॉइंट, कंडेन्सर आणि शक्य असेल तर दुसरी पूर्ण प्लेट, फट आधीच लावून, एका डब्यात फिलर गेज आणि छोट्या स्क्रूड्रायव्हरसह डिकीत ठेवावी. चुंबकाची रिंग वर ओढून काढली की पॉइंटची प्लेट परत बसते. कॉइल बदलली नसेल तर पंधरा-वीस मिनिटांत गाडी रस्त्याला लागते, टायमिंग घरी आल्यावर नीट लावता येतं.